हरीभाऊंचा जलवीर

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
९ एप्रिल २०२५

चि. रुचितास,
अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. तुझी आशामावशी तर इतकी ठणठणीत आहे की पत्र लिहायला मला गॅलरीत येऊन बसावं लागलंय. फोनवर हा विषय काढला असता तर तिने स्वयंपाकघरातूनच निकाल लावून टाकला असता.

विषय असा, की मी लेखक व्हायचं ठरवलंय.

हसून झालं असेल तर पुढे वाच. उभी नोकरी विमा कंपनीत, क्लेमच्या खात्यात गेली. लोकांची मोडलेली हाडं आणि जळालेली दुकानं वाचायची आणि खाली शेरा मारायचा. रिटायर झाल्यापासून सकाळी खाडीकाठी फिरणं, दुपारी पेपर, संध्याकाळी पुन्हा फिरणं. सोबतीला उदय सोनकांबळे असतो. आमच्याच मजल्यावर राहतो, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालाय, माझा वीस वर्षांचा दोस्त. उदयशी बोलून उरलेल्या वेळात डोक्यात गोष्टी घोळत राहतात. त्या कागदावर उतरवाव्यात असं फार वाटतं, आणि उतरवायला बसलो की हात जड होतो.

आपल्या नात्यात या धंद्यातली तू एकटीच. प्रकाशकाकडे काम करतेस, दुसऱ्यांची पुस्तकं दुरुस्त करतेस, स्वतःचंही एक आलंय. म्हणून सोबतची कथा पाठवतोय. नाव आहे 'सरदेशमुखांचा सूड'. मावशीला वाचायला दिली होती. तिने दुसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि मला कांदे आणायला पाठवलं. परत आलो तर त्या पानांवर लसूण सोलून ठेवलेला.

तू मात्र स्पष्ट सांग. या वयात हे जमण्यासारखं आहे का?

तुझा,
हरिश्चंद्रकाका


कोल्हापूर
२१ एप्रिल २०२५

ती. काकांस,
सा. न.

स्पष्ट सांगायला सांगितलंत म्हणून सांगते. सरदेशमुख मला आवडले नाहीत. पहिल्या पानावर सूर्य उगवतो, पक्षी किलबिलतात, देवळात घंटा वाजते. दुसऱ्या पानावर आले तर सूर्य अजून उगवतोच आहे. आणि 'सदर इसमाच्या नेत्रांतून अश्रू ओघळले' हे वाचून मी ऑफिसात इतकी मोठ्याने हसले, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पानं मागून घेतली. काका, तुम्ही आयुष्यात जमीनदार पाहिलाय का हो कधी?

पण चौथ्या पानावर मी थांबले. मालक गेल्यावर तो म्हातारा गडी हंबरडा फोडतो, आणि बाहेर जाताना पंखा बंद करून जातो. हे तुम्ही बनवलेलं नाही. हे तुम्ही कुठेतरी, कुणाच्या तरी घरी पाहिलंय. बाकीची अकरा पानं या एका ओळीसाठी माफ.

आणि दुसरी गोष्ट. तुमचं पत्र तुमच्या कथेपेक्षा कितीतरी चांगलं आहे. त्या लसणावर मी दोनदा हसले. पत्र लिहिताना तुम्ही मला काहीतरी सांगत होता, कथा लिहिताना लेखक असल्यासारखे बसला होता. म्हणून मला फोन करू नका, पत्रंच लिहा, हात हलका होईल. मग रोज बघता त्यातला एक माणूस पकडा. तो कसा आहे ते सांगू नका, काय करतो ते सांगा. झालं की मोठ्याने वाचा. जे वाक्य तुम्ही मावशीसमोर तोंडाने बोलणार नाही, ते कागदावरही ठेवू नका. आणि पूर्ण होईपर्यंत कुणाला दाखवू नका, तिला तर मुळीच नाही.

लोक ओळखतील म्हणून घाबरू नका. नाव बदला, एखादी मिशी चिकटवा. माणसं स्वतःला ओळखत नाहीत, माझा अनुभव आहे.

वयाचं विचारलंत. सरदेशमुखांचं वय झालंय. तुमचं काही वाटलं नाही.

तुमची,
रुचिता


भाईंदर
२ जून २०२५

चि. रुचितास,
आशीर्वाद.

माणूस मिळाला! समोरच्याच दारात होता आणि मी सरदेशमुख शोधत हिंडत होतो.

आमचा उदय गेल्या डिसेंबरपासून पोहायला शिकतोय. वय बासष्ट. तरणतलावावर सकाळची सिनियर बॅच असते, मी त्याचा टॉवेल आणि चष्मा सांभाळत बाकावर बसतो. काय थाट सांगू! निळी टोपी, काळा गॉगल, नाकाला चिमटा, कानात बोळे. चंद्रावर निघालाय असं वाटतं. आणि एवढं सगळं करून साहेब कंबरभर पाण्यात उतरतात आणि काठ धरून उभे राहतात. तास संपेपर्यंत. त्याच्या मागून आलेले लोक शिकून, पोहून, बॅच सोडून गेले. हा काठालाच. तो सूरज म्हणून कोच आहे, तो बिचारा ओरडतो, "अंकल, दीवार छोडो! दीवार कहीं नहीं जायेगी!" यावर उदय त्याला म्हणतो, "दीवार नहीं जायेगी बेटा, मैं जाऊंगा."

हे सगळं लिहून काढलं. तू सांगितलंस तसं, नुसतं काय करतो तेवढंच. नाव मधुकर ठेवलंय आणि मिशी लावलीय. कथेचं नाव 'जलवीर'. तीनदा मोठ्याने वाचली. तिसऱ्या वेळी आतून हसण्याचा आवाज आला. मावशी दाराआड उभी होती. म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंत?" लग्नानंतर पहिल्यांदा तिने माझ्याकडे असं बघितलं असेल.

वाच आणि कळव. हात अजिबात जड झाला नाही.

काका


कोल्हापूर
१४ जून २०२५

ती. काकांस,
सा. न.

काका, काय लिहिलंय! नाकाच्या चिमट्यासकट बोलणारा मधुकर मला ऐकू आला. मी तुम्हाला न विचारता एक आगाऊपणा केला. महिपत जोंधळे म्हणून माझे एक परिचित आहेत, सांगलीहून छोटासा दिवाळी अंक काढतात. त्यांना कथा वाचून दाखवली. ते फार कमी हसतात. 'जलवीर'ला हसले आणि म्हणाले, "घेतली."

म्हणजे या दिवाळीत तुम्ही छापून येणार. मावशीला सांगा, आता कांदे दुसऱ्या कुणाकडून आणवा.

एकच प्रश्न मनात राहिला. हा मधुकर बासष्टाव्या वर्षी पोहायला शिकतोय ते कशासाठी? त्याला काय हवंय? कथा वाचताना हसू येतं, पण वाचून झाल्यावर तो माणूस माझ्याबरोबर येत नाही, तिथेच तलावात राहतो. सुचलं तर दोन ओळी घाला. नाही सुचलं तरी महिपतरावांना चालणार आहे.

अभिनंदन!

रुचिता


भाईंदर
२१ जुलै २०२५

चि. रुचितास,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, पण तुझा काका सध्या मोठा माणूस झालाय. तेरा तारखेला, रविवारी, आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर 'जलवीर'चं वाचन झालं. सोसायटीचा हॉल, माइक, चहा, ढोकळा. मी कोचचा आवाज काढला तेव्हा तर आमच्या बिल्डिंगमधले पटेलभाई खुर्चीतून घसरायचे बाकी होते. "अरे, ये तो अपने उदयभाई हैं!" असं ते ओरडले आणि सगळा हॉल पुन्हा हसला. उदयही हसला. पहिल्या रांगेत होता. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मावशीचं म्हणणं, मिशी कमी पडली.

तुझ्या प्रश्नाचा विचार केला. कशासाठी म्हणजे काय, व्यायामासाठी. त्यात घालण्यासारखं काही वाटलं नाही, म्हणून कथा आहे तशीच ठेवलीय. महिपतरावांना माझा नमस्कार आणि फोटो पाठवतोय. छापतात ना लेखकाचा फोटो?

बाकी ठीक. सकाळचं फिरणं सध्या एकट्याने चाललंय. उदयला सर्दी झालेली दिसते. बेल वाजवली तर वहिनी म्हणाल्या, झोपलेत. तरणतलावावरही येत नाही म्हणे, सूरज मला विचारत होता. पावसाळ्यात पाण्यात उतरायचं म्हणजे हे होणारच.

पुढच्या कथेसाठी पटेलभाईंकडे लक्ष ठेवून आहे.

काका


कोल्हापूर
२७ जुलै २०२५

ती. काकांस,
सा. न.

काका, ती सर्दी नाही.

वीस वर्षांचा दोस्त आठवडाभर सकाळी झोपून राहतो आणि तुम्ही बेल वाजवून परत येता? तुमच्या पत्रात सगळं लिहिलेलं आहे, फक्त तुम्ही ते वाचलेलं नाही. हॉलभर लोक त्यांना हसले, आणि पहिल्या रांगेत बसून त्यांना टाळ्या वाजवाव्या लागल्या.

चूक माझीही आहे. मिशी लावा, कुणी ओळखत नाही, असं मी थाटात लिहून मोकळी झाले. माझं पुस्तक आलं तेव्हा ज्यांच्यावर लिहिलं ते लोक लांब राहात होते. समोरच्या दारात राहणाऱ्या माणसाला तो सल्ला लागू पडत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कथेचं नंतर बघू. आधी आत जा. आणि गेल्यावर समजावून सांगू नका, विचारा.

रुचिता


भाईंदर
१० ऑगस्ट २०२५

चि. रुचितास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी दोन दिवस काहीच केलं नाही. मग मावशी म्हणाली, "आता जाताय का मी जाऊ?" तेव्हा गेलो.

दार सुजातावहिनींनी उघडलं. उदय टीव्हीसमोर होता. मला बघून त्याने आवाज वाढवला. मी बाजूला बसलो. बातम्या संपल्या, जाहिराती झाल्या, पुन्हा बातम्या लागल्या. शेवटी मी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला आणि म्हणालो, "उदय, माझं चुकलं यार. कथा मागे घेतो."

तो म्हणाला, "हसलास त्याचं मला काही नाही, हरीभाऊ. ती टोपी घालून आरशात बघतो तेव्हा मी पण हसतो. पण इतके महिने माझा टॉवेल धरून बाकावर बसलास. एकदा तरी विचारलंस, की बाबा रे, कशाला शिकतोयस?"

"मला वाटलं, व्यायाम..."

"व्यायामाला आपण चालतो की रोज!"

रुचिता, तुझा प्रश्न माझ्या खिशात होता आणि मी तो त्याला विचारलाच नव्हता. मग आता विचारला. "कशाला शिकतोयस?"

तो एकदम बोलायला लागला, थांबेचना. सुजातावहिनी गंगाखेडच्या, गोदावरीकाठच्या. लहानपणी नदीत पडूनच मोठ्या झाल्या. हा लातूरकडचा, याच्या गावात पाणी टँकरने यायचं. लग्नानंतर कुठेही गेले, नदी असो की समुद्र, वहिनी पाण्यात आणि हा काठावर त्यांच्या चपला आणि पिशवी घेऊन. मागच्या वर्षी टीव्हीवर मालवणच्या समुद्रात लोक पाण्याखाली जाऊन मासे बघतात ते दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "मला एकदा हे बघायचंय." आणि मग म्हणाल्या, "तुम्ही होडीत बसा, मी लगेच येते."

"येत्या नोव्हेंबरात लग्नाला चाळीस वर्षं होतात," उदय म्हणाला. "दरवेळी ही लगेच येते आणि मी बसतो. एकदा तरी हिच्यासोबत जाऊ म्हटलं. तिकिटं काढून ठेवलीत. हिला सांगायचं नव्हतं."

सांगायचं नव्हतं, आणि वहिनी चहाचा ट्रे घेऊन आमच्या मागेच उभ्या होत्या.

त्यांनी ट्रे खाली ठेवला. म्हणाल्या, "मला तर म्हणाला होतात, डॉक्टरने सांगितलंय. गुडघ्यासाठी."

उदय म्हणाला, "गुडघ्याला पण चांगलं असतं ते."

मग वहिनी हसायला लागल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या, दोन्ही एकदम. उदय माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ, तुझ्यामुळे सरप्राइज पण गेलं." पण चहाचा कप त्याने माझ्याकडे सरकवला.

महिपतरावांना कळव, कथा छापू नका. माझ्या आयुष्यात पुन्हा अशी संधी येईल न येईल. पण ती कथा आता मला वाचवत नाही. मी ज्याला हसलो तो माणूस मला माहीतच नव्हता.

काका


कोल्हापूर
१६ ऑगस्ट २०२५

ती. काकांस,
सा. न.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग महिपतरावांना फोन केला. ते म्हणाले, "मागे घेतली तर घेतली. पण तुम्ही आत्ता फोनवर जे सांगितलंत, ते त्यांनी लिहिलं तर मी जागा धरून ठेवतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत."

काका, आधीचं फाडू नका. ती टोपी, तो चिमटा, सूरजचं ओरडणं, सगळं राहू द्या. माणसावर हसू येतं तेव्हाच त्याच्यावर जीव जडतो, फक्त दुसरंही काहीतरी कळायला हवं. आता तुम्हाला ते कळलंय. लिहायला बसलात की पहिल्यांदा वाईटच लिहिलं जाईल. तसं जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी त्यातलं काढत बसा. काढताना वाईट वाटलं म्हणजे बरोबर काढताय.

एकच अट, आणि ती माझी, महिपतरावांची नाही. पाठवण्याआधी उदयकाकांना वाचायला द्या. ते नाही म्हणाले तर नाही.

रुचिता


भाईंदर
४ सप्टेंबर २०२५

चि. रुचितास,
आशीर्वाद.

कथा सोबत आहे. नाव बदललंय, आता 'काठ'. चार वेळा लिहिली. हाताला मुंग्या आल्या, मावशीने तेल चोळून दिलं आणि वर म्हणाली, "नोकरीत एवढं केलं असतंत तर मॅनेजर झाला असतात."

उदयला दिली. तो चष्मा लावून खुर्चीत बसला, मी समोर. एसएससीचा निकाल लागला तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. त्याने सावकाश वाचली. एके ठिकाणी हसला, एके ठिकाणी खिडकीबाहेर बघितलं. शेवटच्या पानावर आला आणि कपाळाला आठ्या.

शेवट मी फार सुंदर केला होता. मधुकर काठ सोडतो आणि सपासप हात मारत पलीकडे जातो. सगळा तलाव टाळ्या वाजवतो.

"हे काय?" उदय म्हणाला.

"शेवट."

"मी कधी गेलो पलीकडे?"

"अरे, कथेत चालतं."

"तुला चालतं. उद्या सूरज वाचेल तर मला काय म्हणेल? पटेलभाई काय म्हणतील?" मग पानं माझ्या हातात देऊन म्हणाला, "पहिल्या दिवशी मी पायरीवर बसलो होतो, हरीभाऊ. पाय भिजले तरी छातीत धडधडायचं. आता काठ धरून का होईना, पाय मारतो. तेवढंच लिही. तेवढं खरं आहे, आणि तेवढं मला पुष्कळ झालं."

मी तिथेच, त्याच्या टीपॉयवर, शेवटची दीड पानं खोडली. तू म्हणालीस तसं वाईट वाटलं. मग जे तीन ओळींत उरलं ते त्याला वाचून दाखवलं. वहिनी आतून म्हणाल्या, "आता बरोबर झालं."

"आणि ती मिशी काढ," उदय म्हणाला. "मला शोभत नाही."

तो पुन्हा तरणतलावावर यायला लागलाय. नोव्हेंबरात आम्ही चौघंही मालवणला जातोय. मी पोहणार वगैरे नाही, मला पिशव्यांची जबाबदारी मिळालीय.

काका


जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
२ डिसेंबर २०२५

रुचिताताई,
सप्रेम जयभीम.

मी उदय सोनकांबळे. तुम्ही मला ओळखताच, हरीभाऊने काही शिल्लक ठेवलेलं नाही. पत्र मी लिहितोय हे त्याला माहीत नाही.

अंक मिळाला. हरीभाऊचा फोटो छान आलाय. आमच्या सुजाताने पुऱ्या बिल्डिंगमध्ये अंक फिरवला. पटेलभाईंना मराठी वाचता येत नाही, म्हणून मीच त्यांना हिंदीत समजावून सांगत वाचून दाखवला. ते हसले आणि मग शेवट पुन्हा वाचायला लावला. निघताना म्हणाले, "उदयभाई, मेरे को भी स्विमिंग में ले चलो."

मालवणला जाऊन आलो. होडीवाला पोरगा म्हणाला, "काका, पोहता यायची काही गरज नाही, आमचा माणूस धरून असतो." वर्षभर त्या तलावातलं औषध प्यायलो ते फुकट! हरीभाऊ इतका हसला की होडी हलायला लागली आणि मग त्यालाच उलटी झाली.

मग आम्ही उतरलो. शिडी धरून मी बराच वेळ थांबलो. खोटं कशाला सांगू. सुजाता आधीच पाण्यात होती. ती यावेळी पुढे गेली नाही, शिडीजवळ थांबली. मग मीही डोकं पाण्याखाली घातलं.

वर आल्यावर हरीभाऊने विचारलं, "काय दिसलं?" मी म्हणालो, "मासे." त्याने लगेच कागद काढून लिहून घेतलं, मासे. किती, कुठल्या रंगाचे, तेही विचारलं. आता माणूस सुधारलाय, प्रश्न फार विचारतो.

पण ताई, नुसते मासे नव्हते हो. सुजाता पाण्याखाली हसत होती. आवाज नव्हता, तोंडातल्या श्वासाच्या नळीतून बुडबुडे येत होते, आणि ती बोटाने मला एकेक मासा दाखवत होती, आपल्या माहेरचं घर दाखवावं तसं. चाळीस वर्षं मी तिला पाण्यात जाताना बघितलं आणि बाहेर येताना बघितलं. मधलं कधी बघितलंच नव्हतं. ते हरीभाऊला नाही लिहिता येणार. तो होडीत होता.

म्हणून म्हटलं आपणच लिहावं. टेलिफोन खात्यात तक्रारी लिहून घ्यायचो, एवढाच लिहिण्याचा अनुभव. आठवडाभर कागद घेऊन बसतोय, पहिलं वाक्य येत नाही. काल सुजाताला विचारलं, कुठून सुरू करू? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मी हात पुढे केला आणि तुम्ही धरलात, तिथून."

तेवढ्याने सुरुवात होईल का?

आपला,
उदय सोनकांबळे